व्हॅरोआ माइट आणि मधमाशीचे विषाणू

परजीवी

व्हॅरोआ डिस्ट्रक्टर हा कोळ्यांच्या वर्गातला आठपायी, चपटा, तांबूस तपकिरी जीव आहे. मादीची रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. मधमाशीच्या पोटाखालच्या दोन पट्ट्यांमध्ये ती अशी रुतून बसते की पेटी उघडून पाहणाऱ्यालाही बहुधा दिसत नाही. तिचा मूळ यजमान आशियाई मधमाशी, म्हणजेच महाबळेश्वरचे मधपाळ पाळतात ती सातेरी. युरोपीय मधमाशीच्या पेट्या आशियात आल्यावर विसाव्या शतकात माइटने यजमान बदलला आणि पेट्यांच्या व्यापाराबरोबर तो जगभर पसरला.

बंद घरातील प्रजनन

अळीच्या घरावर मेणाचे झाकण बसण्याच्या थोडे आधी मादी माइट आत शिरते. झाकण बसल्यावर सुमारे तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निपजतो. पुढची अंडी साधारण तीस तासांच्या अंतराने येतात, त्या माद्या. भावाबहिणींचे मीलन त्याच अंधाऱ्या घरात होते. कामकरी माशी बाहेर पडते तेव्हा माइटची आई आणि वयात आलेल्या एक-दोन लेकीही बाहेर येतात. नर माशीचे घर अधिक दिवस बंद राहत असल्याने तिथे पैदास जास्त होते. सातेरीमध्ये माइटचे प्रजनन मुख्यतः नरांच्याच घरांत होते, शिवाय तिच्या कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे माइट हुडकून काढतात. युरोपीय माशीत ही दोन्ही बंधने दुबळी आहेत.

विषाणूला मिळालेली वाट

पंख विकृत करणारा विषाणू माइटच्या आधीपासून मधमाश्यांत होता. अन्नातून, राणीच्या अंड्यांतून आणि नराच्या वीर्यातून तो पसरे, पण क्वचितच घातक ठरे. माइट कोशाच्या त्वचेला भोक पाडून खातो, तेव्हा हा विषाणू पचनमार्गाचा अडथळा टाळून थेट शरीरात उतरतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माइटचे मुख्य खाद्य मधमाशीचा मेदपिंड आहे. साठवण, रोगप्रतिकार आणि विषारी द्रव्यांचा निचरा ही कामे हाच अवयव करतो. म्हणजे विषाणू आत शिरतो त्याच वेळी प्रतिकाराचे साधनही कुरतडले जाते. कोशावस्थेत तीव्र लागण झालेली माशी चुरगळलेले पंख आणि आखूड पोट घेऊन जन्मते व थोड्याच दिवसांत मरते. वरवर धडधाकट दिसणाऱ्या बाधित माश्यांचे आयुष्यही घटते. वसाहतीचे मोठे नुकसान होते ते याच न दिसणाऱ्या झिजेने.

हवाई बेटांचा पुरावा

या साखळीचा सर्वांत भक्कम पुरावा हवाईत मिळाला. ओआहू बेटावर माइट 2007 मध्ये आढळला, हवाई बेटावर 2008 मध्ये. काउआई आणि माउई मात्र मुक्त राहिली. एकाच द्वीपसमूहात बाधित व निरोगी वसाहतींची तुलना शक्य झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: विषाणू असलेल्या वसाहतींचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर गेले, माशीच्या शरीरातील विषाणूंची संख्या दशलक्षपट वाढली आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी एकच वरचढ ठरला. माइटने नुसता रोग पसरवला नाही, रोगाचे रूपच बदलले.

वसाहतीचा ऱ्हास

थंड प्रदेशात उन्हाळा सरताना राणीची अंडी कमी होतात, माइट मात्र कमाल संख्येला पोहोचलेले असतात. उरलेल्या थोड्या कोशांवर त्यांचा सगळा भार पडतो, आणि हिवाळाभर जगायच्या, भरपूर मेद साठवणाऱ्या माश्या नेमक्या तेव्हाच घडत असतात. त्या अकाली मेल्या की मध शिल्लक असूनही पेटी ओस पडते. शेजारची सशक्त वसाहत तो मध लुटायला येते आणि मधाबरोबर माइटही घरी नेते.

नियंत्रण

मधपाळाच्या हाती विषाणूवर औषध नाही. माइट कमी करणे हाच मार्ग. त्यांचे प्रमाण पाहण्यासाठी सुमारे 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत पिठीसाखरेबरोबर हलवतात. माइटची पकड सुटून ते जाळीतून पडतात, माश्या जिवंत परत पेटीत जातात. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाखालीही पोहोचते. ऑक्झॅलिक आम्ल तसे पोहोचत नाही, म्हणून ते कोश नसलेल्या काळात वापरतात. फ्लुव्हॅलिनेटसारख्या रसायनांना अनेक ठिकाणचे माइट आता दाद देत नाहीत. माइट मेल्यावरही आधी बाधित झालेल्या माश्यांतला विषाणू उरतो, त्यामुळे हिवाळी माश्यांची पिढी सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच उपचार करावे लागतात.