कंपनीला हिशेब विचारण्याची सेवा

मंडळीतील तरुणांना सेवा म्हटले की शाळा, दवाखाना, वसतिगृह आठवते. मोठ्या कंपन्यांना कारभाराचा जाब विचारणाऱ्या गावकऱ्यांना साथ देणे, हीसुद्धा आयुष्यभराची सेवा होऊ शकते. ती कशी चालते, ते पाहू.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला हिशेब मागणे नवे नाही. ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपी मिळाली नाही, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे थकबाकीवर १५ टक्के व्याज मागता येते. त्याच्या हाती काट्याची पावती असते. जंगलातल्या आदिवासीच्या हाती अशी पावती नसते. म्हणून त्याला कागद समजावून देणारा माणूस लागतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण पाहा. सरकारने परिसरातला बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला होता. गावाने विरोध केला. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल कित्येक वर्षे या गावाशी जोडलेले राहिले, पण गावाचे पुढारी झाले नाहीत. अभ्यासगटात लोक कायदे समजून घेत आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने करी. देवाजी तोफांसारखे नेतृत्व गावातूनच पुढे आले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वन खाते वाहतूक परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्काचा कागद मिळाल्यावरही दोन वर्षे झगडावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट देणगीची. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्यातून शाळेला बाके मिळाली, तर आनंदच आहे. पण गावाची जमीन, पाणी किंवा मजुरी बुडाली असेल, तर बाकांनी तो हिशेब फिटत नाही. आपल्यासारख्या संस्थांनी देणगी घेतानाही हा फरक जपला पाहिजे.

या सेवेत यायचे असेल तर समाजकार्य किंवा कायद्याचे शिक्षण उपयोगी पडते. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता यावा, प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस वाचता यावी, लोकांची बोली शिकावी. मानधन थोडे असते आणि निकाल उशिरा लागतो. मंडळीने अशा तरुणाला एका वर्षाचा नव्हे, निदान पाच वर्षांचा आधार द्यावा. प्रश्न कंपनीपुढे गावानेच मांडायचा आहे. तो मांडण्याची तयारी होईपर्यंत सोबत बसणारा माणूस आपण पाठवू शकतो.