जुनेराची वाकळ

घरचं हातकाम : भाग ६

मागच्या भागात आपण उदगीरची खादी पाहिली. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगे शिवले जातात आणि त्यांचं कापड आपल्या उदगीरला तयार होतं, हे वाचून काही जणींनी एकच प्रश्न विचारला. माग काही घरात मांडता येत नाही, मग आम्ही घरी बसून काय करायचं? त्याचं उत्तर तुमच्या घरातच आहे, बहुतेक माळ्यावरच्या गाठोड्यात. आईचं नाहीतर आजीचं जुनेर.

जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. शेकडो वेळा धुतल्यानं त्याची खळ गेलेली असते, रंग जायचा तेवढा जाऊन चुकलेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. वाकळीला नेमकं असंच कापड लागतं. नवं कापड घेतलं तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा तसाच राहतो आणि मधे फुगे येतात. आपल्या आज्यांनी गरिबीपायी जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नवं कापड हाताशी असलं तरी जाणती बाई वाकळीला जुनेरच घेते.

शहरात गोधडी म्हणतात, आपल्या खेड्यांत वाकळ. रजई वेगळी. रजईत कापूस भरतात, त्यासाठी पिंजारी लागतो. वाकळीत कापूस नसतो, नुसते कापडावर कापडाचे थर. दोन थरांच्या मधे जी हवा अडकून राहते तीच ऊब देते. पौष-माघातल्या आपल्याकडच्या थंडीला तेवढी पुरते, आणि उन्हाळ्यात अंगणात तीच वाकळ अंथरायला होते.

आता हिशोब पाहा, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद या हिशोबात होतो. नऊवारी लुगडं म्हणजे ३२४ इंच लांब. पन्हा ४५ इंच धरा. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा ८१ इंचांचा होतो, म्हणजे पावणेसात फूट. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की ८१ बाय ९० इंचांचा वरचा पदर तयार, उरलेल्या दोघांचा खालचा. एका लुगड्यात दोन माणसांच्या वाकळीच्या दोन्ही बाजू बसतात, चिंधीही वाया जात नाही. फूटपट्टी न वापरता, लुगडं नुसतं दोनदा दुमडून बायका हे करत आल्या. मी पाचवीतल्या मुलांना हा हिशोब लुगडं पसरून दाखवला, तेव्हा पुस्तकातल्या क्षेत्रफळाला कंटाळलेली पोरं गुडघ्यावर बसून इंच मोजायला लागली.

वाकळ होण्याआधी लुगड्याचा आणखी एक जन्म असायचा. मधोमध विरलं की ते आडवं कापायचं, विरलेला भाग काढून टाकायचा आणि धड टोकं एकमेकांना शिवायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं घरात नेसायचं, नवं सणावाराला. तेही विरलं की मग वाकळीचा नंबर. इरकली काठ असला तर तो काढून टाकत नसत, वाकळीच्या कडेला लावत. घरातली जुनी वाकळ असेल तर तिची कड नीट बघा. लाल नाहीतर हिरव्या काठाची पट्टी सापडली तर ती कुठल्या लुगड्याची, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. बहुतेक वेळा तिला ते लुगडं कुणी, कोणत्या लग्नात घेतलं तेही आठवतं.

थर कसे लावायचे? खालचा पदर उलटा पसरायचा. त्यावर मधला माल: फाटकं धोतर, लुंगी, पोरांचे सदरे उसवून केलेले तुकडे, बारक्या चिंध्या. शिवणी, काजं, बटणं सगळी आधी कापून काढायची, नाहीतर झोपताना टोचतात आणि सुई अडते. तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी मांडायचे, कुठे दोन कुठे पाच असे थर होऊ द्यायचे नाहीत. वर चांगला पदर. चारही कडा आत दुमडायच्या आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायच्या. इथवर दोघी असल्या तर बरं, दोन्हीकडून ताणून धरता येतं.

मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत आत आत यायचं. कोपऱ्यावर वळायचं, पुन्हा सरळ, दोन ओळींत बोटभर अंतर. चौकोनात चौकोन होत शेवटचा टाका मधोमध येतो. विशेष म्हणजे शिवणारी बाई वाकळीवरच बसते. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, आणि पुढचं कापड डाव्या हातानं सारखं करत ती सरकत जाते. भरतकामाला लाकडी रिंग लागते, इथे अंगाच्या वजनानंच थर जागेवर राहतात. म्हणून टेबलावर वाकळ शिवायचा प्रयत्न करू नका. थर सरकतात, चुण्या पडतात.

मी पहिल्यांदा सुई घेतली तेव्हा टाके छान दिसावेत म्हणून अगदी बारीक घालत होते. आजीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, टाका लई बारका नको घालू. जुनेराला तेवढा दम नसतो." सुई जितक्या जवळ टोचाल तितकी विरलेल्या कापडाला भोकं पडतात आणि त्या ओळीवरच ते फाटतं. इंचाला दोन टाके पुरेत. सहा फूट बाय पाच फूट वाकळीत इंचाइंचावर ओळ धरली तर १२० वार शिवण होते आणि वरून दिसणारे टाके साडेआठ हजारांच्या घरात जातात. दिवसाला तासभर बसलात तर महिना-दीड महिना जाईल. घाई करू नका. उन्हाळ्यात सुगी आटोपल्यावर, रानात काम नसताना, दुपारी लिंबाच्या सावलीत हे काम चालायचं. एकीची वाकळ पसरलेली, चौघी चार कडांवर बसलेल्या. एकटीला महिना लागणारं काम चौघींत आठवड्यावर येतं, आणि बोलणं होतं ते वेगळंच.

साहित्य थोडं लागतं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या कापड लाइनीत किंवा आसपासच्या शिवणसामानाच्या दुकानात जाड सुती दोरा आणि मोठ्या नाकाची लांब सुई मागा. दाभण नको, ते पोत्यासाठी. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही.

एक चूक मी केलेली आहे, ती तुम्ही करू नका. लग्नानंतर शिवलेल्या माझ्या पहिल्या वाकळीला मी वरून फुलाफुलांची सिंथेटिक साडी लावली. दिसायला सुंदर झाली. वर्षभरात टाक्यांच्या ओळी ढिल्या पडल्या आणि आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. सुती कापड सुती कापडाला धरून राहतं, गुळगुळीत धागा घसरतो. शेवटी सगळी उसवून पुन्हा शिवली. वाईट वाटलं, पण थरांची जात एक असावी हे तेव्हापासून पक्कं झालं.

हे काम एकट्या मराठवाड्याचं नाही. बिहारमध्ये सुजनी आहे, बंगालात कांथा, कच्छ आणि सिंधमध्ये रल्ली. सगळ्यांच्या मुळाशी जुनं कापड आणि धावदोरा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं लहान गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी कामाच्या विजारी आणि पिठाच्या पिशव्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आपल्या वाकळी मात्र पाहुणे आले की आतल्या खोलीत ढकलल्या जातात. मला हे पटत नाही. साडेआठ हजार टाक्यांची वस्तू लपवायची आणि यंत्रावर छापलेली चादर वर अंथरायची, यात आपण आपल्याच घरातल्या बाईच्या कष्टाला खाली बसवतो.

वाकळीला महिना-दीड महिना लागतो. ज्यांना संध्याकाळी बसल्या बसल्या काही हवं त्यांनी क्रोशा घ्यावा. रुखवतातली तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळाचं टोपरं, हे सगळं एका आकड्याच्या सुईवर होतं. सुरुवात साखळीच्या टाक्यांनी, मग खांबाचे टाके. आणि इथेही हिशोब आहे. गोल रुमाल विणताना पहिल्या फेरीत १२ खांब घालतात, दुसरीत २४, तिसरीत ३६. दर फेरीला १२ च का वाढवायचे? खांब त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. प्रत्येक फेरीत वर्तुळाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीनं, म्हणजे दोन रुंदींनी वाढते. परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटींहून किंचित जास्त असतो, म्हणून तो साडेबारा रुंदींनी वाढतो. १२ हा त्याच्या सगळ्यात जवळचा सोपा आकडा. मुका खांब रुंदीइतकाच उंच असतो, म्हणून तिथे दर फेरीला सहाच वाढतात.

वाढवायचं थांबवलं की रुमाल कडेनं वर उचलतो आणि वाटी होते. तेच टोपरं. उलट, प्रमाणाबाहेर वाढवत गेलं की कड लहरायला लागते आणि झालर होते. या झालरीनं एका अवघड भूमितीला आकार दिला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटवियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली अपास्तीय (हायपरबोलिक) प्रतलाची प्रतिकृती क्रोशावर विणली. कागदाची प्रतिकृती हाताळताना फाटायची, विणलेली दुमडता येते, त्यावर दोऱ्यानं रेषा टाकता येतात. तुमच्या आत्याच्या तोरणाची झालर त्याच नियमानं लहरते.

सुयांवरच्या लोकरीच्या विणकामाबद्दल इथे थोडंच सांगते. आपल्याकडे थंडी दोनच महिने, त्यामुळे मोठा स्वेटर विणून तो पेटीतच पडतो. सुलट-उलट टाके जमले की बाळाचे मोजे विणा, दोन-चार संध्याकाळींत होतात. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. मोज्यांना १२ नंबर घ्या. स्वेटरला ८ ते १० चालतो.

या कामानं मन शांत होतं असं बायका सांगतात, त्याची नोंदही झाली आहे. २०१३ साली ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापली गेली. जे वारंवार विणतात त्यांनी आपण जास्त शांत आणि आनंदी असल्याचं सांगितलं होतं. ही लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं आहेत, औषधाची परीक्षा नाही. पण माझा अनुभव तोच आहे. टाके मोजताना दुसरं काही मोजता येत नाही, ना पैसे, ना कुणाचं चुकलेलं.

आणि हे फक्त बायकांचं काम समजू नका. मेंढरांमागे चालताना टकळीवर लोकर कातणारे धनगर पुरुष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. घरातल्या मुलाच्या हातात सुई द्या. जळकोट, मुखेडकडच्या बंजारा तांड्यांवरचं भरतकाम, कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) यांवरचे आरसे-कवड्या यांच्यासाठी मात्र स्वतंत्र भाग लागेल. तो तांड्यावर बसूनच लिहायचा आहे.

एक गोष्ट राहिली, धुणं. वाकळ वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी दसरा काढताना धुवायची. नदीवर नेऊन दगडावर आपटायची, ओली असताना दोन माणसांनी पिळायची, भर उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायची. ओली वाकळ एकटीच्यानं उचलत नाही आणि तिला पाणीही भरपूर लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात पिण्याच्या घागरीची चिंता होती, वाकळीची आठवण कुणाला होणार. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं आणि साठवून ठेवलेल्या सगळ्या वाकळी बाहेर निघाल्या. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गच्चीच्या कठड्यावर त्या वाळत घातल्या होत्या. कोणत्या घरात किती वर्षांची लुगडी साठलीत, ते रस्त्यावरून दिसत होतं.

पुढच्या भागात बाळाच्या दुपट्याएवढी लहान वाकळ कापण्यापासून सुरू करू. तोवर एक जुनेर काढून, धुऊन, वाळवून ठेवा. ते सुती आहे का, हे पाहायला कडेचा एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. वितळून कडक गोळी झाली तर ती साडी बाजूला ठेवा. आणि जुनेर ज्या बाईचं असेल तिचं नाव एका कागदावर लिहून त्यातच गुंडाळून ठेवा. दुपटं पुरं झालं की ते नाव आपल्याला कोपऱ्यात दोऱ्यानं घालायचं आहे.