मोहल्ल्यातील वाचनालय

उर्दूत ज्याला आपण कुतुबखाना म्हणतो, त्यालाच मराठीत वाचनालय म्हणतात. मोठी वाचनालये बहुधा शहराच्या मध्यभागी असतात. आपल्या वाडीतून सीताबर्डीला जायचे तर बसचे भाडे लागते, आणि लहान मुलांना एकटे कोण पाठवणार?

ही अडचण सगळीकडचीच आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे मरियम मिर्झा नावाची शाळकरी मुलगी राहत होती. तिच्या वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. कोरोनामुळे शाळा बरेच महिने बंद राहिल्या. तेव्हा २०२१ च्या जानेवारीत तिने स्वतःची आणि वडिलांनी दिलेली पुस्तके मांडून मोहल्ल्यातील मुलांसाठी वाचनालय उघडले. पुढे इतर मोहल्ल्यांतही कुणी जागा दिली, कुणी पुस्तके दिली आणि अशी तीसहून अधिक वाचनालये सुरू झाली.

अशा वाचनालयाला एक खोली, एक कपाट आणि एक नोंदवही पुरते. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देतात. पुस्तक नेताना क्रमांक, नाव व तारीख लिहायची. परत आले की त्या ओळीवर रेघ मारायची. देणगीत पुष्कळदा जुनी पाठ्यपुस्तकेच येतात, ती कुणी उचलत नाही! मुलांना गोष्टी हव्या असतात.

खरी कठीण गोष्ट मात्र कुलपाची. रोज संध्याकाळी ते कोण उघडणार? पगार तर नसतो. चार दिवस दार बंद दिसले की मुले येईनाशी होतात आणि नेलेली पुस्तके घरोघरी अडकून पडतात. म्हणून मोहल्ल्यातील मोठ्या मुलामुलींनी आपसांत वार वाटून घ्यावे लागतात आणि किल्ली शेजारच्या दुकानात ठेवावी लागते.