नाब्लसचा साबणखाना

पॅलेस्टाइनमधील एबाल आणि गेरिझिम या दोन पर्वतांच्या मधल्या खोऱ्यात नाब्लस हे पुरातन शहर वसले आहे. ज्या ऑलिव्ह वृक्षाचे पान नोहाच्या कबुतराने चोचीतून आणले, ज्याच्या डहाळीचा मुकुट ऑलिंपियाच्या विजेत्यांच्या मस्तकी चढला आणि ईश्वरी प्रकाशाचे वर्णन करताना कुराणाने ज्याच्या तेलाचा निर्देश केला, त्या वृक्षाचे नित्याच्या व्यवहारातले रूप ज्याला पाहावयाचे असेल त्याने या शहराच्या जुन्या वस्तीतील साबणखान्यात अवश्य जावे.

शहराभोवतीच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून केलेल्या ताली आहेत आणि त्यांवर ही झाडे पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. पान वरून गर्द हिरवे, खालून रुपेरी. तो रुपेरीपणा म्हणजे पानातील ओलावा राखणारे सूक्ष्म खवले असून पावसावाचून जाणारा तेथील दीर्घ उन्हाळा हा वृक्ष त्यांच्याच आधाराने सोसतो. खोड पोखरून पोकळ झाले तरी बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळांची तोडणी होते. झाडावरचे ताजे फळ तोंडात धरवत नाही इतके कडू. परंतु त्याच फळाच्या तेलावर या खोऱ्यातील घरे, दिवे आणि पेढ्या शतकानुशतके चालल्या.

साबणखान्याची इमारत जाड दगडी भिंतींची, उंच कमानींची. तेल साठविण्याचे हौद जमिनीखाली असतात आणि तळमजल्यावर भट्टीवर प्रचंड काहील बसविलेली असते. तेल, पाणी आणि खार एवढेच जिन्नस तिच्यात पडतात. पूर्वी हा खार जॉर्डन नदीपलीकडील बेदुइन लोक क्षारयुक्त वनस्पती जाळून, तिची राख उंटांवर लादून आणीत आणि ती चुन्याबरोबर मिसळून वापरली जाई. आता तेथे कॉस्टिक सोडा आला आहे. तेल गाळून उरलेली पेंडही वाया जात नसे, ती भट्टीत सरपण म्हणून जळे. रटरटणारे मिश्रण कित्येक दिवस घोटले जाते आणि ते सिद्ध झाले की नाही याचा निवाडा मुकादमाकडे असतो. काठीला लागलेला नमुना नाकाशी धरून, बोटांत चोळून, तो क्षणभर थांबतो आणि मग हुकूम देतो.

त्यानंतरचे काम वरच्या मजल्यावरचे. ऊन साबण बादल्यांतून जिना चढवून विस्तीर्ण फरशीवर ओततात आणि सर्वत्र सारख्या जाडीचा थर पसरतात. तो आळला की आपल्याकडील सुतार फळीवर गेरूचे सूत झटकतो, तशाच रंगीत दोरीने त्यावर आडव्या-उभ्या रेघा उमटवितात. मग कारागीर उकिडवे बसून प्रत्येक चौकोनावर कारखान्याची मुद्रा ठोकत सरकत जातात. त्या ठोक्यांची लय इतकी जलद आणि इतकी अचूक, की पाहणाऱ्याची नजर मागे राहते, मुद्रा मात्र एकदाही रेघेवर पडत नाही. लांब दांड्याच्या पात्याने वड्या कापून झाल्या, की त्यांचे पुरुषभर उंचीचे, आतून पोकळ, वर निमुळते होत जाणारे मनोरे रचतात. दोन वड्यांमध्ये वाऱ्यापुरती फट राखलेली असते आणि हवामानाप्रमाणे कित्येक आठवडे, कधी महिनेही, साबण तेथे वाळत राहतो. घाई केली तर वडी मऊ राहते आणि पाण्यात लवकर झिजते. शेवटी एकेक वडी हाताने कागदात गुंडाळली जाते.

या धंद्याने एके काळी शहराचा सारा आर्थिक मामला सांभाळला. शेतकऱ्याला पुढच्या पिकातील तेलाच्या बोलीवर आगाऊ रक्कम मिळे आणि तयार माल इजिप्तच्या बाजारपेठेपर्यंत जाई. तूकान घराण्याचा कारखाना १८७२ सालचा. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात असे सुमारे ३० साबणखाने होते. १९२७ च्या भूकंपाने शहराला जबर तडाखा दिला, यंत्राचा स्वस्त साबण आला आणि २००२ च्या लष्करी कारवाईत जुन्या वस्तीतील काही साबणखाने जमीनदोस्त झाले. आज चालू असलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने नाब्लसच्या साबणनिर्मितीची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल केली. हा बहुमान रास्तच आहे. परंतु मुकादमाच्या नाकातले आणि बोटांतले ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदून ठेवता येत नाही. ते शेजारी उभ्या राहिलेल्या उमेदवाराकडेच जाते आणि माल खपला तरच तो उमेदवार तेथे टिकतो. ऑलिव्हची डहाळी शांतीचे चिन्ह म्हणून उंचावणाऱ्या जगाने त्या वृक्षावर पोट भरणाऱ्या या हातांचा साबणही विकत घ्यावा, हेच मागणे योग्य होय.