राक्षसाची वाणी : ‘फ्रँकेन्स्टाइन’ची रूपांतरे आणि त्यांचा हौशी समीक्षक

एखाद्या अभिजात कथेची मिळतील तेवढी रूपांतरे पाहावीत, ती मूळ ग्रंथाशी ताडावीत आणि प्रत्येकावर आपला अभिप्राय लिहून ठेवावा, हा छंद वरवर पाहता केवळ करमणुकीचा वाटतो. विद्यापीठीय समीक्षा त्याच्याकडे बहुधा कौतुकमिश्रित उपेक्षेने पाहते. वस्तुतः रूपांतरांच्या अभ्यासाला लागणारी बरीचशी सामग्री अशा हौशी मंडळींनीच जमविली आहे. मेरी शेली हिच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर येऊ लागले. पुढच्याच वर्षी फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्या संपादकत्वाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे चाहत्यांचे नियतकालिक निघाले. डोनाल्ड ग्लट यांच्यासारख्या चाहत्याने तर ‘द फ्रँकेन्स्टाइन लीजंड’ (१९७३) आणि ‘द फ्रँकेन्स्टाइन कॅटलॉग’ (१९८४) असे दोन संदर्भग्रंथच सिद्ध केले.

या छंदाची रूढ कसोटी मूलनिष्ठेची आहे. १९३१च्या चित्रपटात व्हिक्टरचा हेन्री झाला. कुबड्या मदतनीस मूळ कादंबरीत नाहीच. गुन्हेगाराचा मेंदू वापरण्याचा प्रसंगही नंतरचा. अशी भेदांची यादी हौशी समीक्षक निष्ठेने करतो. यादी उपयुक्त असते; परंतु तिच्यात लहानमोठे सर्व फरक एकाच मापाने मोजले जातात. नाव बदलल्याने कथेचे फारसे बिघडत नाही. एखाद्या पात्राची वाणी काढून घेतली तर मात्र कथेचा पायाच हलतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या फरकाचा विचार करावयाचा आहे.

मूळ कादंबरीतील निर्मित जीवाला लेखिकेने नाव दिलेले नाही, पण वाणी भरभरून दिली आहे. तो जिवंत झाला त्या रात्री काही अस्फुट ध्वनी काढतो. तो बोललाही असेल, पण आपण ऐकले नाही, असे व्हिक्टरच सांगतो. पुढे हा जीव एका झोपडीलगतच्या आडोशाला लपून राहतो आणि शेजारच्या द लेसी कुटुंबाचे बोलणे ऐकत भाषा शिकतो. त्याला प्रथम आग, दूध, पाव, लाकूड यांसारख्या मूर्त वस्तूंची नावे उमगतात, मग माणसांची नावे. चांगले, प्रिय, दुःखी हे शब्द त्याला ओळखता येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. सफी नावाच्या परदेशी तरुणीला फेलिक्स शिकवू लागतो, तेव्हा त्याच पाठांवर हा अदृश्य विद्यार्थी तिच्यापेक्षा लवकर प्रगती करतो. मूर्त नामांकडून अमूर्त शब्दांकडे जाणारा हा क्रम भाषेच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. ही भाषा फ्रेंच आहे. अंध वृद्ध द लेसीला तो सांगतो की आपण फ्रेंच नाही, पण ही एकच भाषा आपल्याला कळते. त्याचे आत्मकथन व्हिक्टर ऐकतो; व्हिक्टर ते वॉल्टन या इंग्रज प्रवाशाला सांगतो; वॉल्टन ते आपल्या बहिणीसाठी लिहून काढतो. म्हणजे वाचकापर्यंत येणारा त्याचा शब्द दोन मुखांतून आणि एका भाषांतरातून गेलेला असतो. असे असूनही त्याच्या युक्तिवादाची धार बोथट होत नाही. निर्मात्याने निर्मितीचे काय देणे लागते, हा प्रश्न तोच विचारतो आणि आपल्याला सहचरी मिळावी हे व्हिक्टरला काही काळ पटवूनही देतो. याच वक्तृत्वाला भुलू नये, असे व्हिक्टर मरणापूर्वी वॉल्टनला बजावतो. त्याच्या सामर्थ्यापेक्षा त्याच्या वाणीचेच भय निर्मात्याला अधिक वाटते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

रूपांतरांचा इतिहास येथूनच दुसऱ्या वाटेला लागतो. २८ जुलै १८२३ रोजी लंडनमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांचे ‘प्रिझम्प्शन’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात टी. पी. कुक यांनी उभा केलेला हा जीव मूक होता. मेलोड्रामाच्या तत्कालीन संकेतांत मूकाभिनयाला मोठे स्थान होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जाहिरातपत्रकात पात्राच्या नावाच्या जागी केवळ रेघा होत्या. मेरी शेलीने हा प्रयोग पाहिला आणि नावाऐवजी रेघा देण्याची युक्ती तिला आवडलीही. जेम्स व्हेल यांच्या १९३१च्या चित्रपटात आरंभीच्या श्रेयनामावलीत बोरिस कार्लोफ यांच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह होते. बोलपटाचे युग सुरू झालेले असूनही कथानायक मात्र गुरगुरण्यापलीकडे गेला नाही.

या मूकत्वाचा परिणाम आपल्या रससिद्धान्ताच्या परिभाषेत नेमका सांगता येतो. भरताने भयानक रसाच्या विभावांत विकृत ध्वनीची गणना केली आहे. गुरगुरणारा जीव त्यामुळे प्रथम भयानकाचाच आलंबन ठरतो. तथापि वाणी गेली की करुण रसही जातो, असे मात्र म्हणता येणार नाही. छतातून आलेल्या प्रकाशाकडे हात उंचावणारे कार्लोफ निव्वळ आंगिक अभिनयाने प्रेक्षकाला हेलावून सोडतात. मूक जीवाची आपल्याला दया येऊ शकते. त्याला आपली फिर्याद मात्र मांडता येत नाही. दयेसाठी हावभाव पुरतात, न्याय मागण्यासाठी वाक्य लागते. वाचिक अभिनय काढून घेतल्याने कथेतील वादी नाहीसा होतो आणि उरतो तो आरोपी.

१९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये एक अंध साधू या जीवाला पाव, मित्र, चांगले, वाईट असे मोजके शब्द शिकवतो. कार्लोफ यांना स्वतःला हे बोलणे रुचले नव्हते. तरीही अंती कोणी जगावे आणि कोणी मरावे याचा निवाडा हाच जीव तुटक शब्दांत देतो. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो पुन्हा मुका होतो, १९५७च्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात ख्रिस्तोफर ली यांनाही संवाद नाहीत. पुढे केनेथ ब्राना यांच्या १९९४च्या चित्रपटात, लंडनच्या नॅशनल थिएटरने २०११ साली सादर केलेल्या निक डिअर यांच्या नाटकात आणि गिलेर्मो देल तोरो यांच्या २०२५च्या चित्रपटात वाणी परत येते. डिअर यांचे नाटक या जीवाच्या जन्मापासून, त्याच्या निःशब्द धडपडीपासून सुरू होते. देल तोरो यांनी तर चित्रपटाचा एक भाग त्याच्याच कथनासाठी राखला आहे.

यावरून रूपांतरांच्या समीक्षकाने, मग तो हौशी असो वा व्यवसायी, चार प्रश्न अवश्य विचारावेत असे वाटते. हा जीव बोलतो काय? त्याला भाषा कोण आणि कशी शिकवते? त्याचे कोण ऐकून घेते? त्याची कथा कोणाच्या मुखाने सांगितली जाते? या कसोटीवर घेतल्यास वेषभूषेत आणि घटनाक्रमात काटेकोर असलेले रूपांतर मूळ कृतीपासून दूर गेलेले दिसू शकेल, आणि पुष्कळ फेरफार करणारे रूपांतर तिच्या जवळ आलेले दिसेल. फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे नाव लोकव्यवहारात निर्मितीलाच चिकटले, याची चूक म्हणून नोंद करून समीक्षक थांबतो. ज्याला नाव दिलेले नाही आणि ज्याची वाणी दीर्घकाळ रंगमंचावरून व पडद्यावरून हद्दपार होती, त्याला लोकांनी कुठून तरी उसने नाव आणावे, हे भाषिक दृष्ट्या स्वाभाविकच होते.

मूळ कादंबरीत या जीवाचे बोलणे सहानुभूतीने ऐकून घेणारा पहिला मनुष्य अंध आहे. डोळस मंडळी त्याचे रूप पाहताच निकाल देऊन मोकळी होतात. एकाच कथेची अनेक रूपे चिकाटीने पाहणाऱ्या समीक्षकाने रूपाबरोबर शब्दाचाही हिशेब ठेवला, तर त्याच्या टिपणांची योग्यता संशोधनाच्या सामग्रीची ठरेल.