दिवटी पाजळताना

गोंधळ रंगात आला, संबळाची लय चढली आणि नायकाने जळता पोत हाती घेऊन फेर धरला की अंगणातला प्रत्येक जण जाळाकडे पाहू लागतो. जाळ खांद्यावरून जातो, पाठीमागून पुढे येतो, तळहातावरून सरकतो आणि अंगाला चटका बसत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फिटते. पण हा विस्तव इतक्या जवळ खेळवता येतो, त्याची तयारी फेर धरण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. चिंधी कशी पिळली, तिला तेल कोणते पाजले, ज्योत कुठून घेतली आणि कोणत्या बाजूने लावली, यावर पुढचा सगळा खेळ ठरतो. पेटवण्याची ही विद्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. तिच्याकडे लोककलेच्या अंगाने बरेच पाहिले गेले, कसबाच्या अंगाने फार थोडे.

कोपरखैरण्यातले बोनकोडे हे जुने गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, खाडीकाठची भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी सेक्टर उभे राहिले आणि गावठाणाला इमारतींचा वेढा पडला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांचे देव मात्र बदलले नाहीत. कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा आणि गावची गावदेवी यांचा मान आजही राखला जातो. म्हणून लग्नानंतरचा गोंधळ, खंडोबाचे जागरण, चंपाषष्ठीची तळी असे कुळधर्म या शहरी पट्ट्यातही होतात आणि त्यांत दिवटी लागतेच. त्याच वस्त्यांतून हळदीच्या रात्री किंवा मिरवणुकीत फायर शोचीही फर्माईश होऊ लागली आहे. साखळीच्या टोकाला जळते गोळे, दोन्ही टोकांना पेटलेली काठी, बोटांसारख्या पाच टोकांचा जळता पंखा अशी त्यातली हत्यारे. जुनी दिवटी आणि नवा फायर शो यांचा पहिला प्रश्न एकच आहे: हे पेटवायचे कसे?

चिंधी आणि बुधली

दिवटी म्हणजे पितळेचा किंवा तांब्याचा छोटा हातदिवा. मुठीत मावेल असा दांडा, वर वाटीसारखा भाग, पुष्कळदा त्यावर नागाचा फणा. त्या वाटीत पिळलेली चिंधी ठासून बसवतात. तिची जोडीदार बुधली, म्हणजे अरुंद तोंडाची तेलाची कुपी. जेजुरीच्या बाजारात भंडाराच्या राशींशेजारी ही दिवटी-बुधलीची जोडी हमखास मांडलेली दिसते.

चिंधी सुतीच हवी. जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे, अनेक धुण्यांनी मऊ झालेले कापड सगळ्यांत चांगले, कारण त्यातली खळ निघून गेलेली असते आणि ते तेल झटकन पिते. जरीचा काठ, शिवण, रंगीत फुलांची छपाई असलेला भाग काढून टाकायचा. आज घरात सुती म्हणून जे कापड निघते, त्यात बऱ्याचदा पॉलिएस्टरची भेसळ असते. असा धागा जळताना वितळतो आणि त्याचे पेटते थेंब खाली गळतात. त्याची परीक्षा सोपी आहे. एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुताची राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टरचा कडक मणी उरतो.

कापडाच्या पट्ट्या फाडून त्यांना पीळ द्यायचा. पीळ सैल असेल तर जाळ भसकन मोठा होतो आणि लवकर आटोपतो. फार घट्ट असेल तर तेल आत मुरत नाही आणि वरचे कापडच करपते. मग बुधलीतून तेल पाजायचे. ते थांबत थांबत पाजावे लागते. पहिली धार चिंधी पिऊन टाकते, दुसरी गाभ्यात उतरते, आणि शेवटी टोक बोटांनी दाबून वरचे तेल निपटून काढायचे. निपटलेल्या दिवटीतून ओघळ येत नाही. ओघळ न येणे ही पेटवण्याआधीची पहिली कसोटी, कारण तेलाचा ओघळ जिथे जातो तिथे जाळ त्याच्या मागोमाग जातो.

दिवटीचे भाऊबंद बरेच आहेत. पहाटेच्या आरतीचा काकडा, गोंधळ्याचा पोत, काठीला चिंध्या गुंडाळून केलेला टेंभा, मिरवणुकीतली मशाल हे सगळे चिंधी आणि तेलाच्या कुळातले. कोकणातली चूड मात्र बिनतेलाची. वाळलेल्या झावळ्या आवळून बांधायच्या आणि टोक चुलीतल्या निखाऱ्यात धरायचे, एवढेच. चूड हलवली की वारा मिळून जाळ उठतो, स्थिर धरली की ती निवते आणि नुसता निखारा धुमसत राहतो. चालणाऱ्याच्या हाताच्या झोक्यावर तिचा उजेड चालतो.

उशिरा पेटते ते भरवशाचे

दिवटीत पूर्वापार वापरले जाते ते गोडेतेल: तिळाचे, करडईचे, शेंगदाण्याचे, कोकणपट्टीत खोबरेल. ही तेले सहजासहजी पेटत नाहीत. वाटीत ओतलेल्या शेंगदाणा तेलात जळती काडी बुडवली तर काडीच विझते. तेलाची वाफ पेट घेईल इतकी दाट व्हायला ते साधारण 300 अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. चिंधीचे काम इथे सुरू होते. धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल थेंबाथेंबाने वर चढते, टोकाशी तेवढेच थोडे तेल तापते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. तेल पोचत आहे तोवर चिंधी फारशी जळत नाही. तेल संपले की ती स्वतःच करपू लागते. म्हणूनच दिवटीच्या बरोबरीने बुधली फिरते.

आता रॉकेल घेऊ. त्याची वाफ साधारण 40 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेला डबा तेवढा सहज तापतो. पेट्रोलची गोष्ट त्याहून भयंकर. शून्याखाली 40 अंशांच्या थंडीतही त्याची वाफ पेटू शकते. म्हणजे आपल्या हवेत उघड्या पेट्रोलभोवती न दिसणारा, पेटायला तयार असा ढग कायमच असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि चार पावलांवरच्या ठिणगीपाशी जाऊन पोचते.

जळत्या दिवटीवर बुधलीने तेल घालणे हा गोंधळ-जागरणातला नित्याचा भाग. गोडेतेल असते म्हणूनच तो निर्धोक आहे. धार ज्योतीला लागली तरी जाळ धारेवरून उलटा चढून कुपीत शिरत नाही, कारण कुपीतल्या थंड तेलावर पेटण्याजोगी वाफच नसते. त्याच बुधलीत कुणी रॉकेल भरले, तर हातातल्या कुपीचा भडका उडू शकतो. परंपरेची कृती तशीच ठेवून तिच्यातला पदार्थ बदलला की ती परंपरा राहत नाही, ती आगीशी केलेली बेफिकिरी होते. 'रॉकेलने लवकर पेटते' हे वाक्य कुळधर्माच्या घाईत कानावर येते. लवकर पेटणे हा त्याचा गुण समजला जातो. खरे तर तोच त्याचा मोठा दोष आहे. दिवटी पेटायला जो वेळ घेते, तो वेळ आपल्या रक्षणाचा असतो.

ज्योतीवरून ज्योत

मग जे तेल काडीने पेटत नाही, ते पाजळायचे कसे? घरातली जुनी रीत म्हणजे देवापुढच्या समईवरून ज्योत घेणे. त्यामागे श्रद्धा आहे आणि व्यवहारही आहे. काडी काही सेकंदांत बोटांशी येते. समईची वात स्थिर, दमदार आणि हवी तितका वेळ जळणारी. तिच्यावर दिवटीचे टोक तिरके धरायचे. जाळाची धाव वरच्या दिशेने, म्हणून ज्योत नेहमी चिंधीच्या खालच्या कडेला लावायची. तिथून ती आपोआप वर चढते. वरच्या टोकावर काडी टेकवणाऱ्याच्या चार-पाच काड्या फुकट जातात.

आधी चिंधी नुसती धुमसते, करडा धूर निघतो. मग कडेला पिवळा ठिपका दिसतो, तो विझतो, पुन्हा दिसतो. टोक पुरेसे तापले की ठिपक्याची जीभ होते आणि ती चिंधीभर पसरते. घाई असेल तिथे पिळात कापराची वडी खोचतात. कापूर सहज पेटतो, मागे राख ठेवत नाही आणि त्याच्या जाळाने शेजारचे तेल तापते. उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून, दिवटी अंगाच्या आडोशाला घ्यायची. एकाहून जास्त दिवट्या असतील तर पहिली पाजळली की तिच्यावरून दुसरी. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला पालखी रात्री डोंगरातून चालते, तेव्हा वाटेवरच्या मशालींसाठी आणि दिवट्यांसाठीही एकीवरून दुसरी पेटवणे हीच सोयीची रीत.

जगभरच्या जाळाच्या खेळांनी हेच नियम आपापल्या वाटेने शोधले. न्यूझीलंडच्या माओरींच्या दोरीला बांधलेल्या गोळ्यांवरून आजचा पेटत्या साखळ्यांचा खेळ आला. सामोआच्या पारंपरिक सुरीनृत्याला जाळाची जोड मिळाली ती 1946 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत, फ्रेडी लेटुली या नर्तकामुळे. आजच्या फायर शोमध्ये सुती चिंधीऐवजी केव्हलारच्या पट्ट्या असतात. हा धागा स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या 1965 च्या शोधातून आला. तो वितळत नाही आणि बराच ताप सोसतो, म्हणून एकच वात अनेक प्रयोगांना पुरते. तिथे इंधन हलके असल्याने शिस्त कडक आहे. वात आधी बुडवायची, झटकून किंवा निथळून जादा इंधन भांड्यात परत घ्यायचे, भांड्याचे झाकण लावायचे, भांड्यापासून दूर जायचे आणि मगच जोडीदाराने ज्योत लावायची. जळत्या किंवा गरम वातीवर पुन्हा इंधन घालायला सक्त मनाई. बुधलीची रीत तिथे चालत नाही, याचे कारण वर आलेच आहे.

शांत करणे

पेटवणाऱ्याला विझवणे आधी ठाऊक हवे. खंडोबाच्या कुळधर्मात दिवटी फुंकर मारून विझवत नाहीत, दुधात शांत करतात. चिंधीचे टोक पूर्ण बुडते, एकाच वेळी हवा तुटते आणि ताप उतरतो, चर्र आवाज होऊन धूर निघतो. मोठ्या मशालीला ओले गोणपाट हवे. ते वरून झाकायचे आणि दाबून धरायचे. जळत्या तेलावर पाणी मात्र फेकू नये. तापलेल्या तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1,700 पट असते, आणि ती पेटते तेल चहूकडे उडवते. कढईने पेट घेतला तर पाणी न ओतता झाकण ठेवायचे, त्याचे कारणही हेच.

एका प्रकाराबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. मिरवणुकीत काही तरुण रॉकेल तोंडात घेऊन जाळ फुंकतात. हा ना गोंधळ, ना जागरण. रॉकेलचा थोडासा अंश श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तरी तिथे दाह होऊन गंभीर न्यूमोनिया होतो. वैद्यकशास्त्रात हा आजार जाळ फुंकणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो, इतका त्याचा या प्रकाराशी संबंध आहे. टाळ्या मिळतात म्हणून आपल्या पोरांनी ही किंमत मोजू नये.

रा. चिं. ढेरे यांच्या 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथामुळे गोंधळी, वाघ्या-मुरळी यांच्याकडे अभ्यासक आदराने पाहू लागले. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत या कला शिकवल्या जातात. त्यांच्या गाण्याची, कथांची, वाद्यांची नोंद होते आहे. तशीच नोंद त्यांच्या हातांच्या या ज्ञानाचीही व्हायला हवी: कोणत्या घराण्यात पोताला किती पदरांचा पीळ देतात, कोणते तेल वापरतात, ओल्या हवेत काय करतात. गोंधळ्याला हे विचारले तर तो मोकळेपणाने सांगेल, कारण हे त्याच्या रोजच्या धंद्याचे शहाणपण आहे.

आणि बोनकोड्यासारख्या दाटीच्या गावठाणात, जिथे घराला घर लागून आहे आणि मांडवाला प्लॅस्टिकचे छत असते, तिथे यजमानाचेही काम आहे. मांडवात मशाल किंवा फायर शो येणार असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. वातीत काय भरले आहे? ते पेटवणार कुठे? विझवायला कोण उभा आहे? उत्तरे चटकन आली नाहीत तर कार्यक्रम थांबवण्यात कुणाचाही अपमान नाही. मुलांना हा खेळ जरूर शिकवावा, कारण तो सुंदर आहे आणि आपला आहे. पण फेर, गिरक्या आणि लय यांची पाळी नंतर. पहिला धडा चिंधी निवडण्याचा, दुसरा तेल ओळखण्याचा, तिसरा विझवण्याचा. तो तिसरा धडा पक्का झाला की मगच हातात समई द्यावी आणि दिवटी पाजळू द्यावी.