फुकटचा सिनेमा का पाहिला जातो?

‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच सुमारास त्याची प्रत इंटरनेटवर फुटली. तरीही 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. म्हणजे प्रेक्षक पैसे मोजतो. मग चोरटी प्रत का चालते?

पहिले कारण गैरसोय. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी चित्रपट पोहोचला, तरी खेळ मोजकेच असतात. दुसरे खर्च. एक मालिका एका ॲपवर, दुसरी भलत्याच. वर्गणी प्रत्येकाची वेगळी. तिसरे सवय. टेलिग्रामवरची लिंक मित्राकडून येते, म्हणून ती चोरी वाटतच नाही.

याउलट अहिराणी गाणी यूट्यूबवर अधिकृतपणे मोफत मिळतात, निर्मात्याला जाहिरातींतून उत्पन्न मिळू शकते. तिथे चोरीची गरज उरत नाही.

2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चित्रपटाच्या अनधिकृत चित्रीकरणाला आणि प्रसारणाला 3 महिने ते 3 वर्षे कैद व किमान 3 लाख रुपये दंड ठेवला आहे. मात्र नुसत्या धाकाने हे थांबणार नाही; रास्त दर आणि वेळेवर उपलब्धता हवी. आपणही एवढे करावे: जो चित्रपट परवडतो आणि जवळ मिळतो, त्याचे तिकीट काढूनच तो पाहावा. लहान निर्मात्याचा पुढचा चित्रपट त्यावरच उभा राहतो.